बेलवरचं नाव

ब्रसेल्सच्या विमानतळावर आम्ही तिघं उतरलो ४ ऑगस्ट २०२३ ला. पण या शहरात आम्ही राहतो, हे सरकारला पटलं २० सप्टेंबरला, बुधवारी, दुपारी दोनच्या सुमारास. मधले ४७ दिवस आम्ही भाडं भरलं, लेकीला शाळेत घातलं, कचऱ्याच्या पिशव्या चुकवल्या, डॉक्टर गाठला. राहत मात्र नव्हतो.

त्याचं असं आहे, की बेल्जियममध्ये तुम्ही सांगितलेला पत्ता म्हणजे नुसतं तुमचं म्हणणं. वस्तीचा पोलीस येऊन बघून जातो, मग तो पत्ता खरा. हे मी फोनवर आईला सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, आल्या आल्या घरी पोलीस? काय केलंत काय?" शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, इथे पोलीसच आपल्या पायऱ्या चढून येतो आणि तो यावा म्हणून आपण देव पाण्यात घालून बसतो.

नवऱ्याच्या कंपनीने तीन वर्षांसाठी पाठवलं होतं. जूनमध्ये तो एकटा येऊन घर बघून, करार करून गेला होता. इथला नेहमीचा भाडेकरार नऊ वर्षांचा असतो, 'तीन-सहा-नऊ' म्हणतात त्याला. नऊ वर्षं ऐकून माझ्या पोटात गोळा आला. पण भाडेकरूला तीन महिन्यांची नोटीस देऊन केव्हाही सुटता येतं. पहिल्या वर्षात सोडलं तर वर तीन महिन्यांचं भाडं भरपाई, दुसऱ्या वर्षात दोन महिन्यांचं, तिसऱ्यात एका महिन्याचं. बदलीवर आलेली माणसं करारात एक 'डिप्लोमॅटिक क्लॉज' घालून घेतात, म्हणजे साहेबाने परत बोलावलं तर ही भरपाई लागत नाही. त्यासाठी डिप्लोमॅट असावं लागत नाही, हे मला फार आवडलं.

घराचा ताबा मिळायच्या दिवशी घराचा पंचनामा झाला. फ्रेंचमध्ये त्याला 'एता दे लिए' म्हणतात, पण पंचनामा हाच शब्द बरोबर बसतो. एक तज्ज्ञ बाई आल्या, त्यांची फी निम्मी घरमालकिणीची, निम्मी आमची. हातात टॉर्च, गळ्यात कॅमेरा. तीन तास त्या भिंतींशी बोलत होत्या. 'हॉल, डावी भिंत, खिळ्याची भोकं चार, पैकी एक बुजवलेलं.' 'स्वयंपाकघर, तिसरी फरशी, केसाएवढा तडा.' नळाच्या मुळाशी बोट फिरवून म्हणाल्या, "काल्केर." म्हणजे चुन्याचे डाग. इथल्या पाण्यात चुना इतका, की आठवड्याला व्हिनेगर घेऊन नळ घासला नाही तर पांढरी साय धरते, आणि घर सोडताना ती साय अनामत रकमेतून वजा होते. शेवटी हातात पडलं ६८ पानांचं बाड. माझ्या लग्नाच्या वेळी माझीसुद्धा इतकी बारकाईने पाहणी झाली नव्हती.

घर छान होतं. तिसरा मजला, उंच छत, लाकडी जमीन, मागे कुणाच्या तरी बागेतलं चेरीचं झाड. आणि पूर्ण रिकामं. इथे रिकामं म्हणजे रिकामं. आधीचा भाडेकरू दिवेसुद्धा घेऊन गेला होता, छतातून नुसत्या वायरी लोंबत होत्या. आमचं सामान न्हावाशेवाहून अँटवर्पला जहाजाने निघालं होतं. तोवर दोन गाद्या, एक घडीचं टेबल, चार ताटं, आणि विमानातून आणलेला तीन लिटरचा कुकर. कुकर हातातल्या बॅगेत होता. सुरक्षा तपासणीवाल्याने तो उलटासुलटा करून शिट्टी हलवून पाहिली होती.

आता कम्यून, म्हणजे इथली नगरपालिका. ब्रसेल्स हे एक शहर आहे असं बाहेरून वाटतं. आत आलं की कळतं, ही १९ कम्यून आहेत, प्रत्येकीचा महापौर वेगळा, कचेरी वेगळी, मूड वेगळा. ज्याला 'ब्रसेल्स शहर' म्हणतात ती त्यातली फक्त एक. रस्ता ओलांडून समोरच्या इमारतीत घर घेतलं असतं तर आमचा अर्ज दुसऱ्या खिडकीवर गेला असता. आमची कम्यून कोणती ते सांगत नाही, उगाच तिच्याशी वाकडं नको, अजून वर्षं काढायची आहेत.

नियम असा की राहायला आल्यावर आठ कामाच्या दिवसांत नोंदणी मागायची. वेबसाइटवर पहिली मोकळी वेळ २४ ऑगस्टची. वेळ मागितल्याचा ईमेल दाखवला की आठ दिवसांचा नियम पाळल्यासारखा होतो, असं कंपनीने दिलेल्या रिलोकेशनवाल्या मुलीने सांगितलं. तिच्या सेवेचे दोन दिवस आमच्या वाट्याला होते, त्यातला पाऊण दिवस ती कुणाच्या तरी फोनची वाट बघत बसली होती. मध्ये १५ ऑगस्ट आला. इथेही सुट्टी! क्षणभर भरून आलं. मग कळलं, ही मेरीच्या स्वर्गारोहणाची सुट्टी.

तोवर एक चक्र सुरू झालं होतं. अनामत ठेवायला बँकेत खातं हवं. बँकेला माझ्यासाठी इथलं ओळखपत्र हवं. ओळखपत्राला नोंदणी हवी, नोंदणीला पोलीस. आणि कंटेनर अँटवर्पला पोचला की कस्टममधून करमाफीत सोडवायला आमच्या मूव्हर्सना कम्यूनचा नोंदणीचा कागद हवा. नवऱ्याचं खातं कंपनीच्या पत्रावर उघडलं, म्हणून अनामत तरी सुटली. बाकी सगळे दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत बसलेले.

२४ ऑगस्टला टोकन घेऊन खिडकीपुढे बसलो. ब्रसेल्समध्ये फाइल फ्रेंचमध्ये की डचमध्ये ते तुम्ही ठरवायचं. आम्ही फ्रेंच म्हणालो, कारण लेकीची शाळा फ्रेंच. लग्नाचा आणि लेकीच्या जन्माचा दाखला अपॉस्टिल करून, म्हणजे परदेशात चालणारा सरकारी शिक्का मारून, शपथबद्ध अनुवादकाकडून भाषांतर करून घेतला होता, व्हिसाच्या वेळेसच. खिडकीतल्या बाईने शिक्का नखाने खरवडून बघितला. मग गाडी अडली ती नावांवर.

माझ्या पासपोर्टवर आडनाव माहेरचं आहे आणि नावाच्या रकान्यात माझं नाव, पुढे बाबांचं. तिने विचारलं, "ही तुमची दोन नावं?"

"नाही, दुसरं वडिलांचं."

"पण लिहिलंय तुमच्या नावात."

"हो. आमच्याकडे तसंच लिहितात."

तिने लेकीचा पासपोर्ट उघडला. तिथे लेकीच्या नावापुढे माझ्या नवऱ्याचं नाव. बाई नवऱ्याकडे बघते, लेकीकडे बघते, परत पासपोर्टकडे. मग तिचा चेहरा एकदम उजळला. बेल्जियममध्ये मुलांना दोन-तीन नावं ठेवतात, एखादं आजोबांचं, एखादं धर्मपित्याचं. तिने आमची तशीच सोय लावली आणि मी ती मोडली नाही. परिणाम एवढाच झाला की शाळेत पहिले दोन आठवडे बाई लेकीला तिच्या बाबासकट हाक मारत होत्या. दवाखान्यात माझं नाव पुकारताना माझे बाबाही पुकारले जातात. त्यांना फोनवर सांगितलं तर खूश झाले, म्हणाले, "चला, युरोप झाला माझा."

गंमत म्हणजे ज्या गोष्टीची मला धास्ती होती ती घडलीच नाही. नवऱ्याचं आणि माझं आडनाव वेगळं का, हे भारतात मला गॅसच्या नोंदणीपासून शाळेच्या प्रवेशापर्यंत प्रत्येक खिडकीवर सांगावं लागलं आहे. इथे तिने मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. बेल्जियममध्ये बाई जन्माला येते त्याच आडनावाने कागदावर मरेपर्यंत राहते, लग्नाचा त्याच्याशी संबंध नाही. तेरा वर्षं पाठ केलेलं स्पष्टीकरण तसंच घशात राहिलं.

निघताना तिने 'अ‍ॅनेक्स १५' नावाचा कागद दिला, ४५ दिवस चालणारा, आणि म्हणाली, "आता पोलीस येईल. बेलवर आणि पत्रपेटीवर सगळ्यांची नावं लावा."

"कधी येईल?"

तिने खांदे उडवले.

बेल ही साधी गोष्ट नाही, हे घरी आल्यावर कळलं. दारात पितळी पाटी, आठ बटणं, प्रत्येकापुढे काचेखाली कोरलेली पट्टी. आमच्या बटणापुढे अजून आधीच्या भाडेकरूचं आडनाव होतं. ती काच उघडायला इमारतीच्या सिंडिकची, म्हणजे आपल्याकडच्या सोसायटीच्या सेक्रेटरीची, परवानगी लागते. पट्ट्या सगळ्या एकसारख्या हव्यात, म्हणून तोच करून आणतो. वेळ किती? सहा आठवडे. मी दोन आडनावं कागदावर जेल पेनने वळणदार लिहिली आणि सेलोटेपने जुन्या नावावर चिकटवली. इथला पाऊस असा की छत्री उघडावी की नको ते ठरेपर्यंत माणूस भिजलेला असतो. ऑगस्टअखेरीस दोन दिवस तशी झिमझिम चालली आणि आमची आडनावं विरघळून निळ्या ओघळांत वाहून गेली. कागदाखालून जुना भाडेकरू परत वर आला.

नेमका त्याच दिवशी पोलीस आला. आम्ही शाळेत होतो. परत आलो तर पत्रपेटीत चिठ्ठी: येऊन गेलो, इथे या नावाचं कुणी सापडलं नाही, फोन करा. फोन केला तर तो रजेवर गेलेला. आम्ही म्हणजे, थोडक्यात, सापडलो नव्हतो. त्या रात्री नवरा काही बोलला नाही, मीही नाही. लोंबत्या वायरींखाली गादीवर पडून दोघं छताकडे बघत होतो.

शाळेचं मात्र बरं आहे, तिला पोलीस लागत नाही. वयाच्या पाच वर्षांपासून शिक्षण सक्तीचं आहे, तेव्हा जागा असेल तर मूल दारात आलं की घ्यायचं. लेक सहा वर्षांची, म्हणजे पहिली. फ्रेंच शाळा त्या वर्षी २८ ऑगस्टला उघडल्या. त्यांनी २०२२ पासून आपलं वेळापत्रक बदललंय, साधारण सात आठवडे शाळा आणि दोन आठवडे सुट्टी. डच शाळा मात्र जुन्या पद्धतीने १ सप्टेंबरलाच. एकाच शहरात एकाच रस्त्यावरच्या दोन मुलांच्या सुट्ट्या जुळत नाहीत. ज्यांचं एक मूल या शाळेत आणि एक त्या शाळेत, अशी एक आई मला बागेत भेटली. तिच्याकडे बघून मी माझी रडगाणी बंद केली.

आणि बुधवार! बुधवारी शाळा दुपारीच सुटते. नोकरी करणाऱ्या आया काय करतात विचारलं तर उत्तर मिळालं, पुष्कळ जणी चार दिवसच काम करतात. मी तर पुण्यात नोकरीचा राजीनामा देऊन आले होते, त्यामुळे माझे सगळेच बुधवार.

डब्याला इथे 'तार्तीन'चा डबा म्हणतात. तार्तीन म्हणजे पावाची चकती, त्यावर काहीतरी फासून. मी पहिल्या दिवशी पोळीला बटाट्याची भाजी लावून गुंडाळून दिली. डबा अर्धा परत आला. बाईंनी खुणेने सांगितलं, खायला वीस मिनिटं असतात आणि तुमची मुलगी सगळ्यांना तो उलगडून दाखवत बसते.

याच दिवसांत लेकीला ताप आला. डॉक्टरीण घराजवळच, दोन गल्ल्या सोडून. इथे आधी पूर्ण पैसे द्यायचे, मग 'म्युच्युएल' नावाची आरोग्य संस्था त्यातले बरेचसे परत करते. पण म्युच्युएलमध्ये शिरायला राष्ट्रीय क्रमांक हवा, आणि तो आमच्याकडे नव्हता. डॉक्टरीण म्हणाली, पावती जपून ठेवा, दोन वर्षांपर्यंत चालते. ती पावती मी पासपोर्टात ठेवली होती.

कचऱ्याबद्दल मी एवढंच म्हणेन की आम्हाला चार रंगांच्या पिशव्या लागतात: पांढरी उरलेल्याची, निळी प्लास्टिक-पत्र्याची, पिवळी कागदाची, आणि केशरी अन्नाची. ती केशरी नेमकी त्याच वर्षी मे महिन्यापासून सक्तीची झाली, म्हणजे आमच्या शेजाऱ्यांनाही ती आमच्याइतकीच नवी होती. काच त्यात कुठेच नाही, ती कोपऱ्यावरच्या घुमटात टाकायची, रंगीत वेगळी, पांढरी वेगळी. पिशवी चुकीच्या संध्याकाळी बाहेर ठेवली की ती सकाळी तशीच, लाल स्टिकर लावून, तुमच्याकडे बघत बसलेली असते. आमच्या पहिल्या स्टिकरची लेकीने वहीत जागा केली.

खालच्या मजल्यावर एक आजी राहतात. जिन्यात भेटल्या की "बोंजूर मादाम", मी "बोंजूर मादाम", आणि पुढे माझं फ्रेंच संपलेलं. त्या नेहमी काहीतरी विचारायच्या. मी हसून मान डोलवायचे. 'सिफ्ले' असा एक शब्द दर वेळी यायचा. मला वाटायचं हवामानाबद्दल बोलत असतील.

१७ सप्टेंबरला रविवार होता आणि त्या दिवशी अख्ख्या ब्रसेल्समध्ये मोटारगाड्या बंद. वर्षातून एकदा असतो असा रविवार. सकाळी साडेनऊपासून संध्याकाळी सातपर्यंत. एरवी गाड्या धावत असतात त्या र्‍यू द ला ल्वा या रस्त्यावर, युरोपियन कमिशनच्या इमारतींमधून, पोरं स्केटिंग करत होती, एक बाप पोराला पाठीमागून धरून सायकल शिकवत होता, आणि शेवटी सँकांतनेर बागेची कमान. ट्राम-मेट्रोही त्या दिवशी फुकट. आम्ही उठून मिदी स्टेशनजवळच्या रविवारच्या बाजारात गेलो. मला नारळ हवा होता. परवा गणपती.

तो बाजार मी आधी का नाही शोधला, असं झालं. मोरोक्कन भाजीवाले ओरडत होते, पुदिन्याच्या आणि कोथिंबिरीच्या हातभर जुड्या. इथल्या सुपरमार्केटात कोथिंबीर चार काड्या कुंडीत विकतात, चिमण्यांना पुरेल एवढी. पुढे पोतंभर 'सेमूल फीन'. मुठीत घेऊन बघितला तर बारीक रवा, आपला शिऱ्याचा! भाजीवाल्याने विचारलं, कुसकुस? मी म्हटलं, नाही, शिरा. तो म्हणाला, "द'अकोर," म्हणजे बरं. नारळ मिळाला, एकच, दाढीवाला, हलवून पाणी ऐकून घेतला.

मूर्ती कुठून आणायची हा प्रश्नच नव्हता, तेवढा उत्साह आणि गाडीभाडं दोन्ही नव्हतं. हस्तकलेच्या दुकानातून पांढरी माती आणली आणि लेकीने गणपती केला. सोंड दोनदा गळून पडली. तिसऱ्यांदा आत टूथपिक घातली. मखर कुठल्या तरी दिव्याच्या खोक्याचं. एवढ्या मोठ्या रिकाम्या घरात तोच एक कोपरा भरलेला. मंगळवारी, १९ तारखेला, बसवला. दीड दिवसाचा.

बुधवारी लेक शाळेतून आली, आरती झाली, मी मोदकांची दुसरी उकड काढत होते. आणि बेल वाजली. बेलवर आता आमची नावं होती. मी कागद फ्रीजरच्या पिशवीत घालून, चारी बाजूंनी टेप मारून लावला होता, पूर आला तरी टिकला असता.

पोलीस एकटाच होता, पन्नाशीचा, तीन जिने चढून धापा टाकत. "पोलीस," तो म्हणाला आणि एकेक नाव वाचलं. माझं वाचताना माझे बाबाही वाचले. मी म्हटलं, हो, आम्हीच.

तो आत आला. हॉलमध्ये उभा राहून त्याने छतातल्या वायरी पाहिल्या. गाद्या पाहिल्या. घडीचं टेबल पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला कुठल्याही भाषेत कळलं असतं: इथे कोण राहतं? केवळ कागदासाठी पत्ता घेणारे लोक असतात, आणि त्यांची घरं अशीच दिसत असणार.

"फर्निचर?"

"अँटवर्प," मी म्हटलं. "बंदरात. कागदाची वाट बघतंय." मग बोट त्याच्या वहीकडे केलं. "तुमच्या."

त्याला ते कळायला एक क्षण लागला. मग पहिल्यांदा हसला.

त्याने बाथरूमचं दार उघडलं. तीन ब्रश, एक हत्तीच्या दांड्याचा. भिंतीतल्या कपाटात आमचे कपडे. स्वयंपाकघरात वाफ कोंडलेली, ओट्यावर ओळीने अकरा मोदक, त्यातले चार लेकीने वळलेले, म्हणजे नुसतेच गोळे. गॅसवर कुकर. त्याने कुकरकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "हे सिफ्ले करतं का?" आणि ओठ गोल करून शीळ घातली.

सिफ्ले म्हणजे शिट्टी मारणं! तेव्हा उलगडा झाला. पहिल्या वेळी आमचं नाव सापडलं नाही म्हणून त्याने खालच्या आजींना विचारलं होतं. वरती कुणी राहतं का? आजी म्हणाल्या होत्या, नाव ठाऊक नाही, पण रोज सकाळी साडेसातला वरती काहीतरी तीनदा किंचाळतं, तेव्हा राहत असणार. म्हणूनच त्याने फाइल बंद न करता चिठ्ठी टाकली होती. आणि आजी महिनाभर जिन्यात मला विचारत होत्या ते हे, की ते काय आहे, आणि मी हसून मान डोलवत होते.

मी त्याला शिट्टी काढून दाखवली, वाफ कुठून जाते ते दाखवलं. लेकीने मोदक पुढे केला, तिने वळलेल्यांतला. त्याने वही काखेत धरली आणि उभ्या उभ्या खाल्ला, अर्ध्यातून गुळाचा पाक बोटावर ओघळला तो चाटला. मखराकडे बघून काहीतरी विचारलं, त्यातलं मला 'केल आज' एवढं कळलं, म्हणजे वय किती. कोणाचं वय, ते मला कळलं नाही, म्हणून मी म्हटलं सहा. त्याने मान हलवली आणि लिहिलं. जाताना दारात थांबून बेलवरचा कागद सिंडिककडून नीट करून घ्या म्हणाला.

संध्याकाळी नवरा आला. बादलीत पाणी घेतलं. इतके दिवस देव पाण्यात घालून बसलो होतो, आता खरोखरच घातला. माती विरघळायला रात्र लागली. सकाळी तळाशी टूथपिक होती.

दुसऱ्या दिवशी मी सहा मोदक घेऊन खालच्या मजल्यावर गेले आणि कुकरही बरोबर नेला.

पुढचं भराभर झालं. नोंद झाली, राष्ट्रीय क्रमांक आला. अकरा आकडी असतो: आधी जन्मतारीख, उलटी, वर्षापासून. मग तीन आकडे, पुरुषांना विषम आणि बायकांना सम. शेवटचे दोन पडताळणीचे. नवरा विषम निघाला, आम्ही दोघी सम. तापाच्या पावतीचे पैसे म्युच्युएलकडून आले.

कस्टमच्या यादीत आमचा संसार ९४ ओळींचा होता. करमाफीला वस्तू किमान सहा महिने वापरातली लागते, आणि सोडवल्यावर वर्षभर विकता येत नाही. पोळपाट यादीत 'लाकडी शोभेची वस्तू, पायांसह' असा नोंदवला होता. तो विकायचा आमचा बेत नव्हता.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात कंटेनरचं सामान दारात आलं. इथले जिने इतके अरुंद आणि वळणाचे, की सामान जिन्याने नेतच नाहीत. रस्त्यावर जागा राखल्याच्या पाट्या आधीच लावून घ्यायच्या, मग एक ट्रक येतो, त्यावरची शिडी तिसऱ्या मजल्याच्या खिडकीला टेकते आणि शिडीवरून एक पाट सरसरत वर जातो. फ्रीज गेला, पलंग गेला, पुस्तकांची खोकी गेली. मग देव्हारा. कुणीतरी त्याचं वेष्टन अँटवर्पला तपासायला फाडलं होतं. तो तसाच, उघडा, भिंतीला लागून एकटा वर चालला होता, आणि खालच्या आजी खिडकीतून मान बाहेर काढून बघत होत्या. त्यांच्या मजल्यापाशी त्यांनी त्याला हात लावून बघितला.

खिळा कुठेच मारला नाही. ६८ पानांत चार भोकं लिहिली आहेत, चारच राहणार.

ओळखपत्राचं पिन आणि पुक असलेलं पाकीट पोस्टाने आलं. ते घेऊन नोव्हेंबरच्या मध्याला परत त्याच खिडकीवर. तीच बाई. तिने माझं कार्ड यंत्रात घातलं, मला पिन दाबायला सांगितला, आणि कार्ड काचेखालून सरकवलं. फोटोत मी पकडलेल्या आरोपीसारखी दिसते. खाली बारीक अक्षरांत लिहिलंय: 'मार्शे द्यु त्राव्हाय: इलिमिते'. श्रमबाजार: अमर्याद. म्हणजे मला इथे कुठलीही नोकरी करायला मोकळीक आहे, वेगळा परवाना नको. पुण्यात राजीनाम्याच्या पत्रावर सही केल्यापासून कुणी माझ्याबद्दल 'अमर्याद' असा शब्द वापरला नव्हता. मी तो दोनदा वाचला. बाईला वाटलं काहीतरी चुकलंय.

"नाव बरोबर आहे ना?"

"हो. दोन्ही."

"मुदत एक वर्ष," ती म्हणाली. "संपायच्या ४५ ते ३० दिवस आधी परत अर्ज करा. उशीर करू नका, तेव्हा वेळा मिळत नाहीत."

घरी येऊन तारीख लिहून ठेवायला कॅलेंडर शोधलं. कंटेनरमधून आलेलं २०२३ चं होतं, फ्रीजला चुंबकाने लावलेलं. त्याच्या शेवटच्या पानामागे, दुधाच्या हिशोबाच्या रकान्यात, लिहून ठेवली आहे. पुढच्या वर्षीचं कुणी येणारं असेल तर त्याच्याबरोबर मागवायचंय.